ओट्यावरची मधुकामिनी

झाड कधी खोटं बोलत नाही. चौतीस वर्षं झाडांच्या नोकरीत घालवल्यावर हे एकच सत्य माझ्या हाती लागलं, आणि निरोप समारंभात मी ते गंभीर चेहऱ्याने सांगितलंही. टाळ्या पडल्या. झाडाभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल मात्र मी त्या दिवशी काही बोललो नाही. शाल अजून अंगावर पडायची होती.

माझं काम सरकारी बागांवर देखरेख करण्याचं. विश्रामगृहं, साहेबांचे बंगले, कचेऱ्यांची आवारं आणि एक रोपवाटिका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहून बाग सांभाळायची म्हणजे समुद्रकाठी पाणपोई चालवण्यातला प्रकार. पण नेमणूक होती, पगार होता, आणि जंगलापेक्षा बागेच्या तक्रारी जास्त येतात हे मला लवकरच कळलं.

तक्रारींत पहिला नंबर पानगळीचा. आमच्याकडे थंडी सरली की सागवान पानं टाकतो, मोह टाकतो. जंगलातून चाललं तर पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. अख्खे दोन जिल्हे उघडेबोडके होतात आणि कोणाचं काही अडत नाही. पण साहेबांच्या पोर्चसमोरच्या एका झुडपाने पानं टाकली की सकाळी सात वाजता माझा फोन वाजे.

नोकरीच्या सुरुवातीला एका साहेबांच्या बंगल्यावरचा चाफा पौषात बोडका झाला. साहेबांचं सगळं आयुष्य तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेलेलं. त्यांनी मला बोलावून, घरात कोणी अत्यवस्थ असावं अशा आवाजात विचारलं, "काही आशा आहे का?" चाफा दर हिवाळ्यात पानं टाकतो, ही गोष्ट त्यांना सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मी नवा होतो आणि त्यांना उपचार हवा होता. मी म्हणालो, "दोन महिने कोणी हात लावायचा नाही." दोन महिन्यांनी चाफ्याला पानं आली. माझ्या गोपनीय अहवालात 'वनस्पतींचे सखोल ज्ञान' असा शेरा आला. पुढची तीस वर्षं मी त्याच शेऱ्यावर काढली.

दुसऱ्या एका बंगल्यावर कढीपत्त्याची पानं झपाट्याने जात होती. मी खाली एकही पान पडलेलं पाहिलं नाही, तेव्हाच निदान झालं. झाड गाळत नव्हतं, शेजारी तोडत होते. तिथे औषध म्हणून मी कुंपण सुचवलं, आणि तीन घरांशी माझं बोलणं बंद झालं.

खरी पानगळ निराळी असते. बारा महिने हिरवं राहणारं झुडूप चार दिवसांत सगळी पानं टाकतं, तेव्हा ते मरत असतंच असं नाही. खाली मुळ्यांना काहीतरी झालेलं असतं. वरच्या पानांना पाणी पुरवणं त्यांना जमत नाही, म्हणून झाड पानंच कमी करतं. अशा वेळी दोन गोष्टी करायच्या. नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर ती फांदी गेली. मग माती हातात घ्यायची. बहुतेक लोक यातलं काही न करता पाणी ओततात. बुडून मरणारं झाड आणि तहानेने मरणारं झाड दिसायला सारखंच असतं, त्यामुळे बुडणाऱ्यालाही पाणी पाजलं जातं. माझ्या अनुभवात दुष्काळापेक्षा दयेने जास्त झाडं मेली आहेत.

आता मधुकामिनीची गोष्ट सांगतो. गाव कोणतं ते लिहीत नाही. विश्रामगृह अजून आहे, आणि त्यात उतरणारे लोक वाचणारे नसले तरी त्यांना वाचून दाखवणारे असतात.

त्या विश्रामगृहात एका पावसाळ्यात मोठे पाहुणे आले होते. त्यांच्या हस्ते वृक्षारोपण झालं. त्याचा मोठा रंगीत फोटो दिवाणखान्यात लागला. अशा फोटोत दिसतात तशी त्यातही रोपापेक्षा माणसंच जास्त दिसतात. चार वर्षांनी त्या जागी छातीएवढी मधुकामिनी उभी होती. मधुकामिनी म्हणजे संत्र्याच्या कुळातलं सदाहरित झुडूप. पानं बारीक आणि तेल लावल्यासारखी चकचकीत, फुलं पांढरी. ती उमलली की खानसामा फोडणी द्यायची थांबतो, असा वास.

तिला वाढवली सुमनबाईने. सुमनबाई त्या बागेत अकरा वर्षं रोजंदारीवर होती. घर तळ्याकाठचं, नवरा मासेमारी करणारा. माहेर कुरखेड्याकडे. तिची बोलण्याची पद्धत अशी की सरळ उत्तरही समोरच्याला टोमण्यासारखं लागावं. त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी तयार होत होती. जागा पाच होत्या आणि सुमनबाईचं नाव चौथं होतं.

आणि त्याच वर्षी पाहुणे पुन्हा येणार अशी वर्दी आली. चैत्रात येणार होते. त्यांनी फोनवर "आमचं झाड कसं आहे?" असं विचारलं म्हणे. साहेब नवे होते, पश्चिमेकडून बदलून आलेले. त्यांनी ताबडतोब बैठक घेतली आणि झाडाचा सन्मान करायचं ठरलं. आमच्याकडे झाडाचा सन्मान म्हणजे ओटा.

बुंध्यापासून दोन हातांवर चारी बाजूंनी पाया खणला. त्यातच अर्ध्या मुळ्या तुटल्या. मग अडीच फूट भिंत आली, बाहेरून ग्रॅनाइट, आतून सिमेंटचा गिलावा. आत माती भरून बुंधा हातभर गाडला. वर पांढरे गोटे, चारी कोपऱ्यांना स्टीलची साखळी आणि समोर सोनेरी अक्षरांची पाटी: 'ही मधुकामिनी' अमुक मान्यवरांनी 'स्वहस्ते लावली'. पाणी बाहेर जायला जागा कुठेच नव्हती. बांधला ओटा, झाली टाकी.

हे सगळं मला दिसत होतं. कामाच्या कागदावर उद्यान विभागाची एक ओळ लागते, 'हरकत नाही'. हरकत होती. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, बांधकामाचे अभियंते घाईत होते आणि माझा चहा थंड होत होता. मी सही केली.

ओटा झाल्यावरही दोनेक महिने झाड तगलं, कारण सुमनबाई मोजून पाणी घालायची. मग महाशिवरात्र आली. ती मार्कंड्याच्या जत्रेला गेली, चार दिवसांची रजा टाकून. साहेबांना काळजी वाटली की बाई नसताना झाड तहानेने जाईल. त्यांनी रोज एक टँकर लावला.

पाचव्या दिवशी ती आली तेव्हा मी ओट्यापाशीच उभा होतो. पांढऱ्या गोट्यांवर पिवळ्या पानांचा थर होता आणि वर नुसत्या काड्या.

"माय वं!" ती म्हणाली. "चार दिवस देवाले गेली तं झाड नागवं करून ठेवलं बाप्पा तुमी!"

"साहेबांनी टँकर लावला होता."

"टँकर? या झाडाले? माह्या दोन बकेटीत भागते त्याचं! कोन्या गावची आग इझवाची होती?"

तिने गोटे बाजूला सारले, हात कोपरापर्यंत मातीत घातला आणि मूठभर चिखल काढून हुंगला. मग तो माझ्या नाकाखाली धरला.

"हुंगा, भाऊ."

"कुजका आहे."

"कुजका नाई. उन्हाळ्यात तळं आटते, शेवटचा गाळ उरते, मासोळ्या तोंड वर काढून मरतेत, थो वास होय. मुळ्याले दम घेता नाई येऊन राह्यला."

मी वनस्पतीशास्त्राची पदवी घेतलेला माणूस. मला एवढं नेमकं निदान लिहायला दीड पान लागलं असतं.

मी नखाने साल खरवडली. टोकाकडे तपकिरी, पण मनगटाएवढ्या खोडापाशी हिरवं. जीव होता.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गळलेली पानं होती. त्यावर चिठ्ठी होती, 'पुरावा'. पिशवीतली काही पानं प्रयोगशाळेत रवाना झाली होती. पुढे तिथून अहवाल आला की पानं सुकलेली आहेत.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही रजेवर गेलात आणि झाडाने पानं टाकली. याचा अर्थ काय होतो?"

"याचा अर्थ, साहेब, मी होती तोपर्यंत झाड बरं होतं."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी तिला नोटीस मिळाली. निष्काळजीपणामुळे महत्त्वाचं झाड मृतप्राय झालं, झाड दगावल्यास कामावरून कमी का करू नये, वगैरे. यादीत चौथं असलेलं नाव तिथेच लटकलं. झाड फुटलं तर नाव राहणार, नाही फुटलं तर अकरा वर्षं गेली. पाहुणे यायला चाळीस दिवस होते.

मग उपचार सुचवणारे आले. एका कारकुनाने युरिया आणला. तापाने फणफणलेल्याला पुरणपोळी भरवावी तसं ते झालं असतं. मी पिशवी जप्त केली. अभियंत्यांना कीड दिसत होती. ती कोणती, ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण फवारणीचा पंप त्यांच्याकडे होता. खानसाम्याच्या मते दृष्ट लागली होती आणि त्याने गुपचूप लिंबू-मिरची बांधली. खरं सांगायचं तर सगळ्या उपचारांत तो एकच निरुपद्रवी होता.

साहेबांचा उपाय सगळ्यांत सोपा होता. दार लोटून घेऊन ते मला म्हणाले, "मधुकामिनी काय, कुठल्याही नर्सरीत मिळेल. एवढ्याच उंचीची आणा. झाड बदला, पाटी तीच राहू द्या. कोणाला कळतंय?"

झाड बदललं असतं तर पाटी वाचली असती आणि बाई गेली असती. पहिलं झाड दगावलं अशी नोंद झाली असती आणि नोटीस खरी ठरली असती. म्हणून मी खुर्चीतून उठलो आणि जमेल तेवढ्या गांभीर्याने म्हणालो, "साहेब, हे पाहुण्यांच्या हातचं झाड आहे. त्याला इतिहास आहे. इतिहास नर्सरीतून आणता येत नाही."

साहेब वरमले. दाराबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन सुमनबाई उभी होती. तिला एकदम जोराचा ठसका लागला. पदर तोंडाला लावून ती तशीच परत गेली.

मी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाषण चांगलं झालं, भाऊ. आता ओटा फोडा लागन. पानी निघाल्याबगर झाड नाई वाचत."

"ओटा फोडायला परवानगी लागेल."

"बांधाले कोनाची लागली?"

"कार्यालयाची."

"कागदावर तं तुमची सही हाय." तिने माझ्याकडे न बघता नळाखाली ग्लास विसळला. "टेबलावर पडून होता, मी वाचला. आठवी शिकली हाय मी. नोटीस माह्या नावाची काऊन हाय, तेवढंच इचारून राह्यली."

या प्रश्नाचं लेखी उत्तर मी कधीच दिलं नाही. पण रविवारी सकाळी कचेरी बंद असताना मी घरून छन्नी-हातोडा आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेलो. ओट्याच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी फोटो काढत नाही तिथे, जमिनीलगत दोन ठिकाणी ग्रॅनाइट उचकटलं आणि मुठीएवढी भोकं पाडली. सरकारी मालमत्तेची मी केलेली ही एकमेव नासधूस. दुसऱ्या भोकातून सब्बल आरपार गेली आणि काळं पाणी बाहेर आलं. ते दुपारपर्यंत वाहत होतं. एक कुत्रं हुंगायला आलं आणि शहाण्यासारखं परत गेलं.

सुमनबाईने बुंध्याभोवतीची भरती माती उपसून खोड पहिल्यासारखं मोकळं केलं. मी मेलेली टोकं आणि एकूण तिसरा हिस्सा फांद्या छाटल्या. मुळ्या अर्ध्या उरल्या होत्या, त्यांच्यावर पूर्ण झाडाचा भार कशाला? दुपारच्या उन्हाच्या बाजूला बांबूचा तट्ट्या उभा केला. भोकांपुढे दोन कुंड्या ठेवल्या. झाडावर करण्यासारखं एवढंच होतं.

यापुढचा उपचार म्हणजे काही न करणं. या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम हेच आहे आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. साहेबांनी रोज दोन बादल्या पाणी घालून वहीत सही करण्याचा आदेश काढला होता. सुमनबाई रोज वहीत सही करायची आणि दोन बादल्या शेजारच्या मोगऱ्याला घालायची. कागदावर मधुकामिनी पाणी पीत होती आणि फुलत मोगरा होता. ती मातीत बोट घालून बघायची, आणि तिला वाटलं तरच तांब्याभर पाणी बुंध्याला मिळायचं.

ते मोहाची फुलं वेचण्याचे दिवस. एरवी उजाडायच्या आत तिचं टोपलं मोहाखाली असायचं. त्या वर्षी मोह शेजारणींनी वेचला आणि ही ओट्याजवळ बसून राहिली. कारण विश्रामगृहातला कोणीही माणूस सकाळी बाहेर येई, काड्या बघून हळहळे, आणि उरलेलं पाणी झाडाला ओतून पुण्य घेऊन जाई.

"ओतू नका जी," ती म्हणायची. "त्याले सर्दी झाली हाय."

लोक ऐकायचे. सर्दीचं कारण पटायचं त्यांना.

दहा दिवस गेले, पंधरा गेले. मी रोज नखाने साल खरवडायचो. तिने शेवटी मला दटावलं, "भाऊ, तुमी असंच खरवडलं तं हे नखानंच मरन." मी हात खिशात ठेवायला लागलो. साहेब दर सोमवारी विचारत, "काही प्रगती?" आणि मी सांगे, "खालून चालू आहे." घरी आल्यावर मी कायम करायच्या यादीची प्रत काढून बघायचो, जणू तिथे पालवी फुटणार होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिने आधी इकडे-तिकडे पाहिलं.

"भाऊ, कोंब दिसून राह्यला."

"कुठे?"

"खोडाले. मोहरीएवढा हाय. पन हाय."

आम्ही गेलो. मला चष्मा लावूनही दिसेना. तिने काडीच्या टोकाने दाखवला. मग एक दिसला की शेजारचा दिसतो, तसे सात दिसले. ती मटकन ओट्यावर बसली, सन्मानाच्या साखळीवर हात ठेवून, आणि तिने सातही कोंब काडीने पुन्हा मोजले.

पाहुणे आले तेव्हा झाड पोपटी पालवीने भरलं होतं. पहिल्याइतकं दाट नव्हतं, पण जिवंत दिसत होतं. आदल्या दिवशी पाहणीत अभियंत्यांना ओट्यामागची भोकं सापडली. त्यांनी वाकून पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि साहेबांना म्हणाले, "पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आम्ही सोडली होती." दुसऱ्या दिवशी फाइलमधल्या नकाशात दोन गोल काढलेले होते.

पाहुणे झाडापाशी तीन मिनिटं थांबले. मंडपातल्या भाषणात म्हणाले, "झाड आपल्याला लावणाऱ्याला विसरत नाही. मी जवळ गेलो तेव्हा पानं हलली." पंखा झाडाच्याच दिशेला लावलेला होता.

जाताना त्यांनी विचारलं, झाडाची निगा कोण राखतं? साहेब म्हणाले, "आमचं पथक." मी सुमनबाईला पुढे केलं. पाहुण्यांनी गुडघ्याशी हात नेऊन विचारलं, "बाई, मी लावलं तेव्हा एवढंसं होतं, नाही?"

"हो जी," ती म्हणाली. "एवढंसंच होतं."

यादी तशीच राहिली आणि सुमनबाई कायम झाली. नोटीस मात्र मागे घेतली गेली नाही, कारण काढलेली नोटीस मागे घेण्याचा नमुना कार्यालयात उपलब्ध नव्हता. 'समज देऊन प्रकरण बंद' असा शेरा पडला. समज तिला मिळाली, सही माझी होती. तो कागद आजही तिच्या सेवापुस्तकात आहे. माझं सेवापुस्तक स्वच्छ आहे, त्यात चाफ्यावरचा शेराही आहे. निरोप समारंभात मी हे सांगू शकलो असतो. तिथे मी झाडांच्या सत्यवचनीपणावर बोललो.

मागच्या महिन्यात त्या बाजूने जाणं झालं, म्हणून विश्रामगृहात डोकावलो. मधुकामिनी माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. सुमनबाईने दिवाणखान्यात बसवून चहा दिला आणि उभ्या-उभ्या वृक्षारोपणाच्या फोटोवरची धूळ पुसली. फोटोकडे बघून तिने पुन्हा पदर तोंडाला लावला.

पाहुण्यांनी लावलेलं रोप आठव्या दिवशी बकरीने बुडखा सोडून सगळं खाल्लं होतं. बकरी सुमनबाईची होती. बाई धावत रोपवाटिकेत आली, आणि तेवढ्याच उंचीचं जे रोप हाताशी लागलं ते मी नेऊन त्याच खड्ड्यात लावलं. ती मधुकामिनी. फोटोत पाहुणे जास्वंद लावत आहेत. तिला लाल फूल आहे, ते दारातूनही दिसतं.